भीतीचा वास माशीला येतो का?

मागच्या अंकात सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, पेट्यांबद्दल लिहिलं. वाटलं होतं, लोक विचारतील मध किती निघतो, भाव काय मिळतो. आलेल्या पत्रांत मधाचं नाव एखाद्याच ठिकाणी होतं, बाकी सगळीकडे भीती. म्हणून या वेळी मधाला सुट्टी.

प्रश्न : ताई, आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला सातव्या मजल्यावर राहतो. समोरच्या विंगच्या गच्चीखाली भलंमोठं पोळं लागलं आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सहलीत एकदा माशी चावली होती, तेव्हापासून तो गॅलरीत पाऊल टाकत नाही. सासूबाई म्हणतात, "घाबरतो त्यालाच चावते, माशीला भीतीचा वास येतो." हे खरं आहे का? आमचे सेक्रेटरी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं म्हणतायत, ते बरोबर होईल का?

सासूबाईंना निम्मे मार्क. घाबरणाऱ्याला जास्त चावतात हे मीही पाहते. पण माशीला माणसाची भीती हुंगता येते, असं आजवर कुणी दाखवून दिलेलं नाही. घाबरलेला माणूस जे करतो, ते तिला कळतं. तो हात झाडतो, मान झटकतो, मागे सरकताना कशाला तरी धडकतो, धापा टाकतो. तोंडातून सुटणारा गरम, ओलसर, कार्बन डायऑक्साइडने भरलेला श्वास म्हणजे मोहोळाच्या लेखी अस्वल आलं. लाखो वर्षं मोहोळं फोडली ती अस्वलांनी, माकडांनी आणि पक्ष्यांनी. त्यामुळे गडद रंग, केसाळ अंग, झटक्याची हालचाल आणि तोंडावर मारलेला श्वास या चार गोष्टी एकदम आल्या की राखणीच्या माश्या उठतात. आपलं डोकं म्हणजे या चारही गोष्टींचं गाठोडं. म्हणून त्या तोंडाकडे येतात. तुमच्या मुलावर त्यांचा राग नाही.

आणि हेही लक्षात घ्या, फुलावर बसलेली माशी राखण करत नसते. तिला घरी जायची घाई असते. तुमच्या तुळशीवर ती आली आणि मुलगा शेजारी उभा राहिला, तरी ती त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही, हाताखाली किंवा पायाखाली चिरडली तरच चावेल. राखण असते ती घराच्या तोंडाशी. माझ्या पेटीच्या दाराशी बघा. दोन-चार माश्या पुढचे पाय उचलून, मिशा पुढे करून उभ्या असतात आणि येणारीला एकेकीला हुंगून आत सोडतात. मी तिथे तोंड नेऊन फुंकर मारली की त्यातली एक उडते आणि थेट तोंडावरच्या जाळीवर, नाकासमोर, टक्कर मारते. चावत नाही, नुसती टक्कर. आवाजही बदलतो, फुलावरची गुणगुण वेगळी आणि ही चढी, टोचरी किणकिण वेगळी. ती टक्कर म्हणजे नोटीस. नोटीस आली की हात खाली ठेवून चार पावलं मागे जायचं. बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं. आपण काय करतो? नोटीसवाल्याच्या थोबाडीत मारतो.

आता तुमच्या समोरचं पोळं. गच्चीखाली, उघड्यावर, एकच मोठी ताटली लटकतेय म्हणजे ती आग्या, मोठी रानटी मधमाशी. तिच्याबद्दल मात्र मी "काही करत नाही हो" असं म्हणणार नाही. सातेरी पोकळीत राहते, दार एकच, राखायला सोपं. आग्याचं पोळं मीटर-दीड मीटर रुंद होतं आणि त्याला ना भिंत ना दार. मग त्या स्वतःच भिंत होतात. एकमेकींना धरून पोळ्यावर जो काळपट पडदा दिसतो, तो माश्यांचाच. त्या पडद्याला धक्का लागला तर पडदाच अंगावर येतो, एकदोन माश्यांवर भागत नाही.

पण सातव्या मजल्यावरून समोरच्या गच्चीखाली बघण्याने धक्का लागत नाही. मुलाला दुर्बीण आणून द्या, काचेच्या आतूनच बघू दे. संध्याकाळच्या आधी नीट बघत बसला, तर पोळ्यावरून एक चमकती लाट सरकताना त्याला दिसेल. माश्या ओळीने पोटाचं टोक वर उचलतात आणि ती उचल क्षणात पोळंभर पसरते. ही गांधीलमाशीला दिलेली धमकी असते. ऑस्ट्रियाच्या संशोधकांनी नेपाळमध्ये चित्रण करून २००८ साली दाखवून दिलं की ही लाट उठली की गांधीलमाशी पोळ्यापासून लांब राहते. तुमचा मुलगा एकदा लाटा मोजायला लागला, की पुढचं त्याच्यावर सोडा. फक्त "घाबरू नकोस, काही होत नाही" हे वाक्य घरात बंद करा. त्याला एकदा झालेलं आहे. तो तुमच्यावर का विश्वास ठेवेल?

रात्री मात्र दिवे सांभाळा. आग्या चांदण्यातही उडते आणि उजेडाला भुलून घरात येते. सकाळी फरशीवर पडलेल्या माशीवर अनवाणी पाय पडतो, इमारतींत निम्मे डंख असेच होतात असं मला वाटतं. त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी लावा, अंधार पडल्यावर पडदे ओढा.

सेक्रेटरींना सांगा, दिवसाढवळ्या फवारा मारला तर मरायच्या आधी माश्या खाली खेळणाऱ्या मुलांवर उतरतील. शिवाय त्या जागी पुन्हा येतील ते वेगळंच. आग्या मुक्काम बदलत फिरते. फुलोरा आटला की पोळं सोडून जाते आणि पुढच्या हंगामात बरेचदा त्याच छज्जाखाली परतते. मधल्या काळात कामकरी माश्यांची पिढी बदललेली असते, तरी जागा तीच. कशी लक्षात राहते, हे मलाही कोडंच आहे. पोळं माणसांच्या वाटेपासून लांब असेल तर हंगामभर तसंच राहू द्या. लिफ्टच्या दाराशी किंवा पाळणाघरावर असेल तर हलवावंच लागेल, पण ते काम अंधार पडल्यावर, संरक्षक कपडे घालून, सवयीच्या माणसाने करायचं असतं. खालचा रस्ता बंद करून.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचा ट्रेकिंग ग्रुप चालवतो. गडांवर माश्यांच्या हल्ल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. नेमकी काय काळजी घ्यावी?

कातळ, गुहा, बुरुजाचा आतला भाग ही आग्याची आवडती ठिकाणं. शिवनेरी असो वा अजिंठ्याची लेणी, ती तिथे आपल्या आधीपासून आहे. आपण वर्षातून एकदा जाऊन तिला ढोल ऐकवतो.

हल्ले होतात त्यामागे बहुतेक वेळा धूर असतो. कुणी पोळ्याखाली चूल मांडतं, कुणी सिगारेट ओढतं, कुणी फटाका लावतं, आणि दगड मारणारा महाभाग गटात एखादा असतोच. तुम्ही म्हणाल, मधपाळ तर धूर देऊनच पेटी उघडतात. खरं आहे. पेटीतल्या माशीला थंड, पांढरा धूर थोडासा दिला की दोन गोष्टी होतात. धोक्याचा वास दबतो, आणि आग लागली असं समजून माश्या मध पिऊन पोट भरून घेतात. पण हे स्मोकरचं, म्हणजे धूर सोडायच्या भात्याच्या डब्याचं, काम आहे, तेही दोन-चार फुंकांचं. उघड्या पोळ्याखाली भसाभस गरम धूर सोडला तर पडदा फाटतो.

कधी कधी कुणीच काही केलेलं नसतं. मोहोळघार पोळ्यावर झेप घेते, लचका तोडून निघून जाते, आणि खाली डबा उघडून बसलेल्यांवर बिल फाटतं. म्हणून नियम एकच आणि तो खोड्या न करणाऱ्यांनाही लागू : पोळं दिसलं की त्याच्याखाली थांबायचं नाही. जेवायला नाही, फोटोला नाही, इतिहास सांगायला तर मुळीच नाही.

धोक्याचा वास म्हणजे काय, तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माशी चावते तेव्हा नांगी आपल्या कातडीत अडकते, तिला उलटे काटे असतात. माशी उडाली की नांगी विषाच्या पिशवीसकट तिच्या पोटातून तुटून आपल्याकडेच राहते. माशी मरते, पण त्या पिशवीजवळून एक वास सुटत राहतो, पिकल्या केळ्याशी मिळताजुळता. (मोहोळाजवळ केळी खाऊ नयेत ते यासाठी.) त्या वासाने इतर माश्यांना नेमकी जागा कळते. पहिला डंख म्हणजे पत्ता, बाकीच्या त्या पत्त्यावर येतात.

म्हणून पहिला डंख बसला की थांबायचं नाही. ओरडून सगळ्यांना सांगायचं, टी-शर्ट किंवा ओढणी डोक्यावरून ओढून तोंड-नाक झाकायचं, डोळ्यांपुरती फट ठेवायची आणि आल्या वाटेने निघायचं. हात झाडायचे नाहीत, एका जागी उभं राहायचं नाही. पण गडावर आंधळेपणाने पळायचंही नाही. कड्याशी असाल तर आधी वाट बघा, मग पाय उचला. दरी माशीपेक्षा वाईट. आग्या शंभर-दोनशे मीटर सहज पाठलाग करते. बंद जागा, गाडी, दार लावता येईल अशी खोली मिळाली तर सोनं. दोन-चार माश्या आत आल्या तरी चालतील, बाहेर हजार आहेत. टाक्यात उडी मारू नका. वर घोंघावत राहतात, श्वास घ्यायला डोकं काढलं की तोंडावरच बसतात.

कपडे फिके घाला. काळा टी-शर्ट नको हे सगळे सांगतात, लालही नको. माशीला लाल रंग दिसत नाही, तिच्या लेखी तो काळाच. कार्ल फॉन फ्रिश यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माश्यांना रंगीत कागदांवर साखरपाणी चाटवून हे शोधलं. पुढे १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं ते माश्यांचा नाच, म्हणजे फुलांचा पत्ता सांगायची त्यांची खूण, उलगडल्याबद्दल. गडावर जाताना अत्तर, डिओ नको. तिथे कुणाला हुंगवायचंय?

प्रश्न : माझे आजोबा (जत, जि. सांगली) उघड्या हाताने मोहोळ काढायचे. ते म्हणायचे, माश्या मला ओळखतात. माशी माणूस ओळखते का?

अवघड प्रश्न, कारण निम्मं उत्तर "हो" आहे. २००५ साली काही संशोधकांनी माश्यांना माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले, एका चेहऱ्यापाशी साखरपाणी ठेवलं, आणि माश्या तो चेहरा इतरांतून निवडायला शिकल्या. म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या मेंदूत चेहऱ्याचा नमुना बसतो. पण तो साखरेसाठी बसतो. आजोबांनी साखर ठेवली नव्हती, त्यांनी मध नेला. आणि हंगामात कामकरी माशी जगते महिना-दीड महिना. पुढच्या वेळी आजोबा गेले, तेव्हा ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्या सगळ्या मेलेल्या होत्या.

ओळखीचा होता तो आजोबांचा हात. तो कधीच घाईत नसणार. मी चांगल्या मधपाळांचे हात बघते, ते पेटीवर असे फिरतात की आपल्याला कंटाळा यावा. चौकट सरळ वर येते, इकडे-तिकडे घासत नाही, एकही माशी चेंगरत नाही. चेंगरली तर वास सुटतो, मग ओळख वगैरे काही चालत नाही. शिवाय दिवसही निवडलेला असतो. ऊन स्वच्छ, फुलोरा भरात, म्हणजे म्हाताऱ्या चिडक्या माश्या कामावर बाहेर गेलेल्या. तेच आजोबा ढगाळ हवेत, पाऊस तोंडावर आलेला, फुलं संपलेली, अशा दिवशी गेले असते तर माश्यांनी त्यांचीही भीड ठेवली नसती. जतकडच्या कुसळी रानात ते आग्याचं काढायचे की फुलोरीचं, हेही विचारायला हवं. झुडपात लागणारी छोटी फुलोरी उघड्या हाताने काढणारे आजही आहेत. आग्याचं काढत असतील, तर त्यांना माझा नमस्कार.

प्रश्न : माशी चावल्यावर लोखंड घासावं, चुना लावावा की कांदा?

तिन्हीने वेळ जातो, आणि आपोआप कमी होणारी आग कमी झाली की श्रेय चुन्याला मिळतं. वेळ घालवायचा नाही ती गोष्ट म्हणजे नांगी. नीट बघितलंत तर सुटी झालेली विषाची पिशवी धडधडताना दिसते. माशी गेली तरी ती विष ढकलत राहते. पूर्वी सांगायचे, चिमटीत धरू नका, कार्डाच्या कडेने खरवडा. १९९६ साली 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगात दिसलं की कसं काढता याला महत्त्व नाही, किती लवकर काढता याला आहे. कार्ड शोधायला पर्स उघडू नका. नखाने, दाताने, कशानेही काढा. मग साबणाने धुवा, बर्फ लावा. दुसऱ्या दिवशी हात भाकरीसारखा फुगतो, ते बहुतेकदा विषाचंच काम.

खरी काळजी वेगळी. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला, चक्कर आली, उलटी झाली, तर एकाच डंखानेही जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन करा, त्यावर औषध आहे ते अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. घरी चुना लावून वाट बघायची नाही. ज्याला एकदा असं झालंय, त्याने डॉक्टरकडे जाऊन पुढची सोय करून ठेवावी. अ‍ॅलर्जी नसली तरी डंखांची संख्या मोजायची असते. वजनाच्या किलोमागे साधारण वीस डंख हा प्राणघातक हिशोब मानतात, म्हणजे मुलांना कितीतरी कमी पुरतात. डझनावारी डंख बसले असतील तर आता बरं वाटतंय म्हणून घरी जाऊ नका, मूत्रपिंडाचा त्रास नंतरही उमटतो.

कुठे जास्त दुखतं, असंही एका वाचकाने विचारलंय. अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने स्वतःच्या अंगावर पंचवीस जागी माश्या चावून घेऊन २०१४ साली तक्ता छापला. पहिला नंबर नाकपुडीचा, दुसरा वरच्या ओठाचा. मला त्याच्या आईचं पत्र वाचायला आवडलं असतं.

प्रश्न : चिपळूणला आमच्या अंगणात स्कूटरच्या हँडलवर अचानक माश्यांचा घोस लागला. काय करू?

चहा प्या. पोळं नसलेला नुसता घोस म्हणजे नवीन घर शोधायला निघालेला थवा. त्याच्याकडे राखायला ना पिल्लं ना मध, आणि निघताना सगळ्या पोट भरून आलेल्या असतात. एवढ्या शांत माश्या पुन्हा दिसणार नाहीत. बहुतेकदा काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत उडून जातात. पाण्याचा फवारा, रॉकेल, झाडू काही नको. सातेरी असेल तर जवळचा मधपाळ रिकामी पेटी घेऊन धावत येईल, उलट तुम्हालाच धन्यवाद देईल. स्कूटर तेवढा वेळ राहू द्या.

प्रश्न : माझं लग्न होऊन मी जावळीत आले. सासरी सातेरीच्या पेट्या आहेत. नवरा म्हणतो शिकून घे, पण पेटीजवळ गेलं की माझे पाय लटपटतात. मला हे जमेल का?

महाबळेश्वरच्या आसपास ज्या घरांत दोन-तीन पिढ्या पेट्या आहेत, तिथल्या बायकांना विचारा. निम्म्या जणी अशाच लटपटत सुरू झाल्यात. मांघर गाव २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तुमच्यापासून लांब नाही. तिथे एक चक्कर मारा. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्याला १९६२ पासूनची केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, दोन्हीकडे शिकवतात. नवऱ्याकडून शिकू नका. चांगला माणूस असेल, पण स्वतःला येतं ते दुसऱ्याला लटपटत शिकताना बघायला धीर लागतो.

तोवर पेटी उघडायची नाही. दाराच्या समोर नाही, बाजूला दोन हातांवर पाटावर बसा. समोर बसलात तर त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत याल आणि केसांत माशी अडकेल. सकाळी ऊन आल्यावर बसा. परागकण घेऊन येणाऱ्या बघा, मागच्या पायांना पिवळ्या, भगव्या गोळ्या असतात. पांढऱ्या आल्या तर कशाच्या, ते सासऱ्यांना विचारा. पेटीला बोटाने हळूच टकटक केलीत तर आतून एकदम "हिस्स" असा आवाज येईल. सातेरी अशीच फुत्कारते. पहिल्यांदा दचकाल. तो आवाज उठून लगेच विरला तर आत सगळं ठीक आहे, रेंगाळला तर घरात काही बिनसलंय, राणी नसेल किंवा उपासमार असेल. हे तुम्हाला न उघडता कळायला लागलं, की उघडायची इच्छा तुम्हालाच होईल.

हातमोजे घालायला लाजू नका. पुढे तुम्ही स्वतःच काढाल, कारण त्यात बोटं जाड होतात आणि माश्या चेंगरतात. जाळी मात्र कधीच काढायची नाही, कितीही वर्षं झाली तरी. केस घट्ट बांधा, गजरा नको. आणि थंडीत तो काळा लोकरीचा स्वेटर घरीच ठेवा. त्यात माशीचे पाय अडकतात, आणि अडकलेली माशी कुणाचंच ऐकत नाही.